मीटर भरतीचे, नाव लाटांचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामानबदलामुळे किनाऱ्यावर येणाऱ्या लाटा कशा बदलतील, यावरील आपला कालचा लेख चांगला होता. परंतु शेजारच्या चौकटीत ‘या महिन्यात साडेचार मीटरच्या लाटा उसळण्याचे दिवस’ म्हणून जी यादी छापली आहे, ती पाहता लेख लिहिणाऱ्याने आणि चौकट करणाऱ्याने एकमेकांचा मजकूर वाचला नसावा. ते साडेचार मीटर लाटेचे नसून भरतीचे आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी किती चढेल, हे चंद्र-सूर्याच्या गणितावरून वर्षभर आधी सांगता येते. लाट मात्र वाऱ्याने उठते आणि वाऱ्याचे पंचांग अजून निघालेले नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले म्हणजे कृष्णेला ४० फुटांची लाट आली, असे सांगलीतले शाळकरी पोरही म्हणणार नाही.

हा शब्दांचा कीस नव्हे. गेल्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीच्या नातवाचे बारसे हर्णैला होते. गाडी ठरली होती, भडंगाच्या पिशव्या बांधून झाल्या होत्या आणि आदल्या सकाळी आपल्या अंकात अशाच लाटा उसळल्या. सौभाग्यवतींनी साफ नकार दिला. प्रत्यक्षात त्या दिवशी वारा पडलेला होता, आणि भरतीचे पाणी पुळण ओलांडण्याच्या भानगडीत न पडता आल्या वाटेने परत गेले. भाऊबीजेला तिच्याकडे गेलो, तर ओवाळता ओवाळता तिने विचारले, ‘‘काय दादा, ओसरल्या का लाटा?’’

ज्यांना खरोखर भ्यावे, त्या लाटा या यादीत सापडत नाहीत. ३१ मार्च २०२४ रोजी केरळच्या किनाऱ्यावरील घरांत समुद्र शिरला, तेव्हा होळी पौर्णिमा होऊन आठवडा उलटला होता. दूर दक्षिण महासागरात काही दिवस आधी सुटलेल्या वाऱ्याने उठवलेल्या त्या लाटा हजारो किलोमीटर चालून आल्या होत्या. तिकडे त्याला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, म्हणतात. तापमानवाढीने हे वारेच बदलले, तर लाटांची उंची बदलेल, आणि त्यांची दिशा बदलली तर एका गावची पुळण वाहून दुसऱ्या गावी जाईल. शिवाय १९०१ ते २०१८ या काळात जगभरातील समुद्राची पातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटरने चढली आहे. हे वीतभरच वाटले, तरी किनाऱ्यालगत पाणी जितके खोल, तितकी लाट न फुटता आत येते. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था लाटांच्या उंचीचे अंदाज आणि इशारे देत असते. ते छापायला जागा नसेल, तर चौकटीतील ‘लाटा’ हा शब्द खोडून ‘भरती’ लिहिण्यास जागा लागत नाही.

जाता जाता आणखी एक. सांगलीच्या आवृत्तीत मुंबईच्या भरतीची वेळ पहिल्या पानावर आणि कोयनेतून सोडलेल्या पाण्याचा आकडा आत शब्दकोड्याखाली, ही मांडणी कोणाच्या सोयीची आहे? अरबी समुद्र आमच्या गावभागात यायला बराच अवकाश आहे. कृष्णा २०१९ मध्ये येऊन गेली.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
गावभाग, सांगली