न दिसणारी जखम आणि सैनिकाचे मौन

संपादक महोदय,

पहिल्या महायुद्धात मनाने कोसळलेल्या सैनिकांपैकी काहींना ‘शेल शॉक’चे (युद्धाच्या भडिमारात बसलेल्या मानसिक धक्क्याचे) रुग्ण मानले गेले, तर काहींवर भित्रेपणाचा ठपका ठेवून त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. भित्रेपणा, पलायन अशा आरोपांखाली मारल्या गेलेल्या तीनशेहून अधिक सैनिकांना ब्रिटनने माफी दिली ती थेट २००६ मध्ये. दरम्यान १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेने आघातोत्तर तणाव विकाराला (पीटीएसडी, म्हणजे भीषण अनुभवानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाला) आपल्या निदानसूचीत स्थान दिले होते.

आज या विकारावर आघातकेंद्रित संवादोपचार, म्हणजे त्या भीषण अनुभवाविषयी बोलून केले जाणारे उपचार, उपलब्ध असून त्यांचा अनेकांना लाभ होतो. अडचण आहे ती सैनिकाने तिथवर पोहोचण्याची. झोप उडाली आहे, किरकोळ आवाजानेही अंग ताठरते, असे सांगितले तर शस्त्र काढून घेतले जाईल, बढती थांबेल, सहकारी विश्वास ठेवणार नाहीत, ही धास्ती (आणि ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणवत नाही) त्याला गप्प ठेवते. शिवाय लक्षणे कधीकधी कित्येक महिन्यांनी, प्रसंगी निवृत्तीनंतर, तुकडीचा आधार सुटल्यावर उफाळतात. त्यामुळे मोहिमेवरून परतताच एक प्रश्नावली भरून घेणे ही माझ्या मते निव्वळ औपचारिकता ठरते. तपासणी ठरावीक अंतराने, निवृत्तीनंतरही व्हावी, तिच्यात जोडीदाराचेही म्हणणे ऐकले जावे आणि उपचार करणारा डॉक्टर व सेवेसाठी पात्रता ठरवणारा अधिकारी या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात.

— एक वाचक