चि. मुग्धास, गाडी धुण्याविषयी

आजरा, जि. कोल्हापूर
नोव्हेंबर अखेर

चि. मुग्धा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाडीच्या बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसू लागल्या आहेत, आणि इमारतीतला मुलगा रोज पहाटे गाडी पुसत असूनही असे का व्हावे, असे तू परवा विचारलेस. तो रोज पुसतो म्हणूनच त्या रेघा उमटल्या आहेत. कारण सविस्तर सांगायला लागलो की तू "हो, हो, कळलं" म्हणून फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना जे वर्षानुवर्षे शिकवले, ते घरच्या मुलीला पत्राने शिकवण्याची वेळ आली, याचे तुझ्या आईला फार हसू येते आहे.

पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि त्यातला क्लिअर कोट जेमतेम 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे ज्या थरावर गाडीची सगळी चमक अवलंबून आहे तो केसापेक्षाही पातळ आहे. धूळ बसलेल्या पत्र्यावर फडका फिरला की धुळीतले वाळूचे कण त्याच्याबरोबर फिरतात आणि या थरावर चरे पाडतात. चरे खरे तर सर्व दिशांना पडलेले असतात. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे विशिष्ट कोनात असतात तेवढेच चमकतात, म्हणून ते गोल भासतात. पांढऱ्या गाडीवरही ते असतातच, पण तुझ्या गडद निळ्या रंगावर ते लपत नाहीत.

त्या मुलाकडे एक बादली, एक फडका आणि दहा-बारा गाड्या असतात, तेव्हा आपल्या गाडीवर शेजारच्या गाडीचीही माती घासली जाते. त्याचे महिन्याचे पैसे मात्र बंद करू नकोस. रोज गाडीला हात लावण्याऐवजी रविवारी पाण्याची नळी धरायला ये, एवढेच त्याला सांग. त्यालाही तेच सोयीचे होईल.

आता धुण्याचे. गाडी सावलीत लाव आणि बॉनेट हाताला गार लागेपर्यंत थांब, कारण तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू आणि पाणी वाळून डाग धरतात. सुरुवातीला कशालाही हात न लावता नुसत्या पाण्याने वरून खाली सगळी धूळ वाहू दे. जेवढी माती पाण्याने जाईल तेवढी फडक्याखाली येणार नाही, आणि याच कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा असे माझे मत आहे. मग दोन बादल्या घे, एक गाडीच्या शॅम्पूची आणि एक साध्या पाण्याची. मायक्रोफायबरचा जाड हातमोजा शॅम्पूत बुडवून छतापासून सुरुवात कर, एक भाग झाला की मोजा साध्या पाण्यात खळाळून पिळ आणि मगच पुन्हा शॅम्पूत घाल. दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, आणि चाकांसाठी फडका व बादली पूर्ण वेगळी, कारण ब्रेकची लोखंडी पूड तिथेच साचलेली असते. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नकोस. ती तेलकटपणाबरोबर वॅक्सही काढून टाकते. पुसताना मोठा मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर अंथरून हलकेच ओढून घे, रगडू नकोस. टॉवेल जमिनीवर पडला तर कितीही झटकलास तरी त्या दिवशी तो पुन्हा गाडीला लावायचा नाही.

तुमच्या इमारतीत बोअरचे पाणी असल्याने आणखी एक अडचण येते. असे पाणी बहुधा जड असते आणि पत्र्यावर वाळले की त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे पांढरे ठिपके मागे राहतात, जे पुढे पुसूनही निघत नाहीत. शेवटचे पाणी तरी महापालिकेच्या नळाचे घे आणि ते वाळू न देता लगेच टिपून घे. पावसाळ्यात तू इकडे आलीस की छपरावरून येणारे पागोळ्यांचे पाणी आहेच. पहिल्या सरींनी कौले धुऊन गेली की पिंपात साठलेल्या त्या पाण्याइतके मऊ पाणी विकत मिळत नाही.

कोल्हापुरात गाडीवर नुसती धूळ बसत नाही, हे तू लक्षात घ्यायला हवेस. तुझी गाडी दिवसभर शिरोलीच्या एमआयडीसीत उभी असते आणि आजूबाजूला फाउंड्र्या व मशिनिंगची शेडे आहेत. ग्राइंडिंगमधून उडालेले लोखंडाचे बारीक कण क्लिअर कोटमध्ये रुततात आणि दवाने गंजून नारिंगी ठिपके धरतात. धुतल्यावर प्लास्टिकची पातळ पिशवी हातात चढवून बॉनेटवरून बोटे फिरव. खरखर लागली तर ते कण आहेत असे समज. त्यासाठी आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारे द्रावण, मिळतो, जो लोखंडाला लागताच जांभळा होतो आणि ज्याचा वास तुला मुळीच आवडणार नाही. तो मोकळ्या हवेत, सावलीत मार, वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुऊन टाक आणि तरीही खरखर उरली तरच शॅम्पूचे पाणी मारत क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, फिरव. हे वर्षातून एकदा-दोनदा पुरे.

शिवाय आता गळीत हंगाम सुरू झाला आहे. साखर कारखान्यांच्या चिमण्यांतून येणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, राख आणि काजळी रात्रीत छतावर उतरते. त्या राखेत सिलिका, म्हणजे वाळूचाच घटक, भरपूर असतो, तेव्हा पहाटेच्या दवात तिच्यावरून फडका फिरवणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणेच होय. ऊसवाहू ट्रॉल्यांच्या मागे जाताना अंगावर आलेला चिखल वाळला असेल तर तो नखाने किंवा काठीने खरवडू नकोस, भिजवून पाण्यानेच उतरव. पक्ष्यांची विष्ठा मात्र रविवारपर्यंत ठेवायची नाही. ती आम्लधर्मी असते आणि उन्हात क्लिअर कोटमध्ये खड्डा करते. ओला कपडा त्यावर थोडा वेळ ठेवून मऊ झाली की उचलून घ्यायची, घासायची नाही.

जोतिबाला जाऊन आल्यावर गुलालाचे काय, हेही विचारले होतेस. बाहेरचा गुलाल हात न लावता पाण्याने वाहू द्यावा. आतल्या सीटवरचा मात्र आधी कोरडाच, व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने काढावा, कारण ओला कपडा लावलास की तो रंग कापडात कायमचा मुरतो. दसऱ्याला बॉनेटवर काढलेले हळद-कुंकवाचे स्वस्तिक आठवडाभर मिरवू नये, संध्याकाळी धुऊन टाकावे. आणि झेंडूचा हार तारेने बांधू नये. हमरस्त्यावर वाऱ्याने तो हलत राहतो आणि तार बंपरवर ओरखडे काढते. ही गोष्ट देवाला सांगायची नसून बांधणाऱ्याला सांगायची आहे.

गाडीचा वरचा भाग सगळ्यांना दिसतो, गंज मात्र खालून लागतो. इकडच्या रस्त्यांची तांबडी माती चाकांवरच्या पोकळीत आणि दारांच्या खालच्या कडेला थापली जाऊन ओल धरून ठेवते. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छोटी भोके असतात, ती काडीने मोकळी कर. बॉनेटच्या मागे, काचेच्या पायथ्याशी साचणारी पानेही काढत जा, नाहीतर तिथले पाणी आत उतरते. पावसाळा संपल्यावर एकदा वॉशिंग सेंटरला रॅम्पवर घालून खालून नुसत्या पाण्याने धुऊन घ्यावी. तिथे शेवटी डिझेलचा फवारा मारतात, त्याला स्पष्ट नाही म्हण. डिझेलने सस्पेन्शनचे रबरी बुश फुगून खराब होतात आणि त्यावर धूळ आणखी चिकटते. इंजिनावर जोराचा फवारा घेऊ नकोस, तिथे वायरिंगचे जोड आहेत. धुऊन झाल्यावर थोडे अंतर हळू चालवून ब्रेक दाबून घे, म्हणजे डिस्क कोरड्या होतील. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी पूड दिसली तर गाडी बंद करून, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने जुन्या टूथब्रशने साफ कर.

राहिला प्रश्न त्या दुकानदाराने सांगितलेल्या रबिंग आणि सिरॅमिक कोटिंगचा. रबिंग म्हणजे चरा जाईपर्यंत क्लिअर कोटच घासून पातळ करणे. खोल चरे असतील तर एकदा ठीक, पण दरवर्षी केले तर थर संपतो आणि तो परत येत नाही. सिरॅमिक म्हणजे क्लिअर कोटवर चढवायचे पातळ, कडक लेपन. त्याने पाणी घरंगळते आणि धुणे सोपे होते, दगड मात्र ते अडवत नाही, आणि त्याखाली अडकलेले जुने चरे ते लपवतही नाही. आत्ता तेवढा खर्च करण्याची गरज मला दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी चांगले वॅक्स हाताने लाव. रबिंगला हो म्हणण्याआधी गाडी इकडे घेऊन ये, मी उन्हात एकदा पाहतो आणि मग ठरवू.

आईने घनसाळ तांदूळ बांधून ठेवला आहे. डिकीत ठेवताना खाली जुनी सतरंजी घाल, पोत्यातून कोंडा सांडतो.

तुझे,
बाबा