बिस्तारै, दिदी

नाशिक,
10 नोव्हेंबर

प्रिय शुभा,

परवा रात्री घरी पोचले. तुझे दोन फोन येऊन गेलेले दिसले, पण मुद्दामच उलट फोन केला नाही. हे फोनवर सांगायचं नव्हतं. निघताना तू एकच गोष्ट बजावली होतीस, 'माझ्या गुडघ्याला झेपेल का, तेवढं नीट बघून ये.' बघून आले आहे. उत्तर या पत्रात आहे, पण शेवटी. वाट डोळ्यांपुढे उभी राहिल्याशिवाय ते तुला पटायचं नाही आणि तू माझ्याशी भांडत बसशील.

एकंदर 22 दिवस. काठमांडूहून दिवसभर जीपने हाडं खिळखिळी करून घेत माछाखोला, तिथून बुढीगंडकीच्या काठाने वर वर. मध्ये आठ दिवस त्सुमच्या खोऱ्यात, मग पुन्हा मूळ वाटेला लागून नामरुंग, ल्हो, सामागाव, साम्दो आणि लार्क्याची खिंड. पलीकडे उतरून धारापानी. मनास्लू शिखराला घातलेली मोठी प्रदक्षिणाच म्हण. तिबेटची सीमा जवळ असल्यामुळे या भागासाठी वेगळा परवाना लागतो आणि गाईडशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. जगतच्या चौकीत कागद तपासत होते तेव्हा मी जरा घुश्श्यातच होते. आपण दोघी पंचवीस वर्षं सह्याद्रीत कुणाचं बोट धरून हिंडलो नाही. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर जायचं तर पुढे मी आणि शेवटी तू, हे न बोलता ठरलेलं. आता या वयात कुणीतरी मला 'इथे थांबा, इथे बसा' सांगणार, हे मनाला लागत होतं.

आमचा गाईड चाळिशीचा, गोरखा जिल्ह्यातलाच. बाकीचे चौघे त्याला 'दाइ' म्हणत. नेपाळीत दाइ म्हणजे थोरला भाऊ, पण माझ्या कानाला पहिले दोन दिवस बाळंतपणाची दाईच ऐकू यायची. तो माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला 'भाइ' म्हणायची आणि तो मला 'दिदी'. त्याच्या तोंडी सारखा एक शब्द, 'बिस्तारै'. म्हणजे सावकाश. मी पुढे गेले की मागून हाक यायची, 'बिस्तारै, दिदी, बिस्तारै.' पहिल्या आठवड्यात तो शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं.

खालचं खोरं तुला वाटतं तसं हिमालयासारखं नाहीच. उकाडा, केळी, भातखाचरं, दोन्ही अंगांना कडे आणि मध्ये घोंगावणारी नदी. तिथे 'कोदो' पिकतो. पहिल्यांदा ताटात त्याचा ढिंडो आला, पाण्यात शिजवून घोटलेला घट्ट गोळा, आणि एका घासात ओळखलं, अगं ही तर नाचणी! तुझ्या आईची आंबील आठवली. पाट्याही आपल्याच लिपीत, त्यामुळे पाटी दिसली की मी मोठ्याने वाचून अर्थ लावायची. तातोपानी वाचलं आणि विचारावं लागलं नाही, तिथे खरंच गरम पाण्याचा झरा आहे. पूल सगळे तारांचे, झुलते. खेचरांचा तांडा समोरून आला की डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीच्या अंगाला कधीच नाही. घाईत असलेलं खेचर पाठीवरच्या ओझ्यासकट घासून जातं आणि त्याचा एक धक्का पुरतो. हे भाइने पहिल्याच सकाळी शिकवलं आणि त्याच दुपारी उपयोगी पडलं.

काही ठिकाणी मात्र तो 'बिस्तारै' म्हणत नसे. वरचा डोंगर घसरून आलेला असे, वाटेवर ताजी माती आणि दगड. तिथे तो थांबून वर बघायचा, कान द्यायचा आणि एकेकाला पुढे सोडायचा. 'फोटो नाही, बोलणं नाही, चला.' 25 एप्रिल 2015 च्या 7.8 तीव्रतेच्या भूकंपाचा केंद्रबिंदू याच जिल्ह्यात, बारपाकजवळ होता. त्यानंतर हे डोंगर आतून सैल झालेत, असं तो म्हणाला. त्याचं घर त्या दिवशी गेलं. तो शनिवार होता, नेपाळात सुट्टीचा वार, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. 'शाळा पडली, पण आत पोरं नव्हती,' एवढंच बोलला आणि चालायला लागला. त्याच्या दोन्ही मुली तेव्हा त्याच शाळेत शिकत होत्या. त्या दिवसानंतर तो वर बघून थांबला की मीही मुकाट थांबायला लागले.

त्सुमबद्दल सविस्तर लिहायला हवं. लोक्पाच्या पुढे वाट आत वळते आणि दोन दिवसांनी छेकम्पारला दरी एकदम उघडते. सपाट शेतं, दगडी घरं, ओळीने मणी-भिंती. भिंतीवरच्या प्रत्येक दगडावर मंत्र कोरलेला. भिंत कायम आपल्या उजव्या हाताला ठेवून जायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखंच. 1920 साली या खोऱ्यातल्या लोकांनी शपथ घेतली की इथे कुणी प्राणी मारणार नाही. शिकार नाही, बोकड कापणं नाही, मधाची पोळी काढणं नाही, रानाला वणवा लावणं नाही. ती शपथ शंभर वर्षांनंतरही पाळतात. त्यामुळे काय होतं सांगू? भरल म्हणजे तिथल्या रानमेंढ्या माणसाला बुजत नाहीत. मू गोम्पाच्या, म्हणजे तिथल्या बौद्ध मठाच्या, वरच्या उतारावर चाळीसेक भरल चरत होत्या. आम्ही जवळून गेलो तर एकीने मान वर केली, बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. माणसाला न भिणारं रानटी जनावर मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, शुभा. मला तिथे रडू आलं.

मू गोम्पा सुमारे 3,700 मीटरवर, खोऱ्याच्या अगदी शेवटी. पुढे गाव नाही, फक्त डोंगर आणि सीमा. रात्री इतकी थंडी की बाटलीतलं पाणी गोठलं. एका म्हाताऱ्या भिक्षूंनी आम्हाला मीठ-लोणी घातलेला चहा दिला. मी त्यांना आपला शेंगदाण्याचा लाडू दिला. त्यांनी तो कपाळाला लावून खाल्ला.

आता ते सांगते, ज्याच्यामुळे हे पत्र एवढं लांबलं. सामागावला पोचलो त्या संध्याकाळी माझं डोकं दुखायला लागलं. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर थांबवतील, ही भीती. दालभात आला, मी अर्धा खाल्ला आणि झोपते म्हणाले. दहा मिनिटांत भाइ दारात. 'दिदी, रोज दोनदा भात घेता, आज एकदाही पुरा नाही.' इतके दिवस रोज रात्री आम्ही जेवायचो तेव्हा तो स्वतः न जेवता आमच्या ताटांकडे बघत उभा का असायचा, ते मला तेव्हा कळलं. बोटाला ऑक्सिमीटर लावला, दोन प्रश्न विचारले, मला सरळ रेषेत चालायला लावलं. मग म्हणाला, उद्या वर पुंग्येन गोम्पापर्यंत माझ्याबरोबर, माझ्या मागून, आणि झोपायला परत इथेच. दिवसा उंच चढायचं आणि रात्री खाली झोपायचं म्हणजे शरीर विरळ हवेला सरावतं. 3,000 मीटरच्या वर रोजचा मुक्काम साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वर न्यायचा नाही, हा नियम मी पुस्तकात शंभरदा वाचला होता. पण वाचलेला नियम पाळायची वेळ आली तेव्हा मी डोकेदुखी लपवली. दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्या मागे, त्याच्या पावलावर पाऊल टाकून चालले. एक श्वास, एक पाऊल. वर पोचेपर्यंत डोकं उतरलं होतं.

पुंग्येनला जे ऐकलं ते तुला मुद्दाम सांगायचं होतं. 1953 मध्ये जपानी गिर्यारोहक मनास्लूवर येऊन गेले आणि त्यानंतर हिमलोट कोसळून हा गोम्पा गाडला गेला, 18 माणसं गेली. डोंगराचा देव कोपला, असं गावकऱ्यांनी मानलं. 1954 साली जपानी पुन्हा आले तेव्हा सामाच्या लोकांनी त्यांना वाटच दिली नाही. शेवटी 9 मे 1956 ला तोशिओ इमानिशी आणि ग्याल्झेन नोर्बू 8,163 मीटरच्या त्या माथ्यावर पोचले. आणि 1974 मध्ये तीन जपानी बायका याच शिखरावर गेल्या. आठ हजार मीटरच्या वर पाऊल ठेवणाऱ्या जगातल्या पहिल्या बायका! आपण तेव्हा चार वर्षांच्या होतो. मी गोम्पाच्या अंगणात बसून त्या पांढऱ्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले. तू शेजारी हवी होतीस.

साम्दोला खरी कसोटी लागली, पण माझी नाही. आमच्यातला सर्वांत दणकट, पुण्याचा तिशीतला मुलगा. रोज सगळ्यांच्या पुढे. संध्याकाळी त्याचे ओठ निळे, बसल्या जागी धाप, ऑक्सिजन 68. भाइने वाद घातलाच नाही. पंधरा मिनिटांत त्याला मदतनीसाबरोबर हेडटॉर्च लावून खाली सामाला पाठवलं. मुलगा चिडला, ओरडला, पैसे भरलेत म्हणाला. भाइ शांतपणे त्याच्या बुटाची नाडी बांधत होता. सकाळी निरोप आला, खाली गेल्यावर धाप थांबली, रात्री झोपला. खाली उतरणं हेच यावरचं खरं औषध. त्या मुलाची खिंड हुकली आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. पण त्याची आई कुणीतरी माझ्याच वयाची असेल.

दुसऱ्या दिवशी, आपल्या नरक चतुर्दशीला, नेपाळात कुकुर तिहार असतो, कुत्र्यांचा दिवस. भाइने लॉजच्या केसाळ काळ्या कुत्र्याला टिळा लावला आणि बिस्किटं भरवली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही 4,460 मीटरवर धर्मशाळा नावाच्या मुक्कामी होतो. दगडी खोल्या आणि वारा. पोर्टरांनी एक मेणबत्ती लावून खिडकीत ठेवली. रोज कपाळावर नाम्लोचा पट्टा अडकवून आमचं सामान वाहणारी ती पोरं, त्यातला एक विशीचासुद्धा नसेल. मी सगळ्यांना तुझ्या चकल्या वाटल्या. हो, तुझ्या. चुरा झाला होता, तरी कागद चाटूनपुसून संपवला.

पाडव्याला पहाटे साडेतीनला निघालो. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी त्यांच्यावर खिंड उरते, 5,106 मीटर. हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा. मी पाच तास फक्त भाइच्या टाचा बघत चालले. पुढे जायची इच्छा एकदाही झाली नाही. पताका दिसल्या तेव्हा त्याने बाजूला होऊन मला पुढे केलं. 'अब दिदी आगे.' हिंदीत म्हणाला, म्हणजे मला नक्की कळावं म्हणून.

आता तुझा गुडघा. शुभा, लार्क्या तुझ्यासाठी नाही. चढ तू करशील, माझ्याआधी करशील. पण खिंडीपासून बिमथांगपर्यंत एका दिवसात दीड हजार मीटर उतार आहे. पहिला तासभर बर्फ, बुटांना काटे लावून, आणि त्याखाली कळसूबाईच्या वाटेवर कधी बघितला नाहीस असा घसारा. माझे दोन्ही धड गुडघे संध्याकाळी सुजले होते. अर्ध्यात तुझं लिगामेंट गेलं तर तिथून परत वर चढता येत नाही आणि खाली गाडी नाही. मी हे तुला धीर खचावा म्हणून लिहीत नाही, तू विचारलंस म्हणून लिहिते आहे.

पण त्सुम तुझ्यासाठी आहे. तिलिजेला भाऊबिजेच्या दिवशी मी भाइला ओवाळलं. लॉजच्या ताईने त्यांच्या पद्धतीचे सात रंगांचे टिळे तयार करून दिले, मी ते त्याच्या कपाळावर एकाखाली एक लावले. त्याच्या सख्ख्या बहिणी गावाला वाट बघत होत्या, तो तिसऱ्या दिवशी पोचणार होता. तेव्हा मी त्याच्याकडे तुझा विषय काढला. ऑपरेशन कधी झालं, जिने उतरताना दुखतं का, पाठीवर किती ओझं घेतेस, सगळं नीट विचारून घेतलं त्याने. मग म्हणाला, एप्रिलमध्ये या. फक्त त्सुम, मू गोम्पापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत. रोज चार-पाच तास, 16 दिवस धरा, गुराँस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असेल.

मी दोघींची नावं सांगून आले आहे. तू फिजिओथेरपी पुन्हा सुरू कर आणि पुढच्या रविवारी पांडवलेण्यांवर ये, सकाळी सहाला. उतरताना मी तुझ्या मागे असेन.

तुझी,
मंगल