नो ड्यूजवर सही करण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि राजीनाम्यानंतर कंपनीने दिलेला फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या देण्याघेण्याचा, हिशेब मिळाला. त्यात 'प्रशिक्षण खर्च वसुली, तीन लाख' ही ओळ ठळक आहे आणि ओव्हरटाइमचा रकानाच नाही, हे पाहून मला फार वाईट वाटले. नो ड्यूज फॉर्मवर इतक्यात सही करू नकोस, कारण त्याच्या तळाशी 'माझे कंपनीकडे कोणतेही येणे बाकी नाही' असे बारीक अक्षरांत छापले आहे आणि पुढे तेच तुझ्यासमोर धरले जाईल.

बाँड, म्हणजे ठरलेली वर्षे नोकरी न केल्यास पैसे भरण्याचा करार, मुळातच बेकायदा असतो, हे तुझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे खरे मानू नकोस. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात किमान तीन वर्षे सेवेची आणि त्याआधी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. मात्र सरकारी बँकेला भरतीची सगळी प्रक्रिया नव्याने करावी लागते आणि त्या पदाच्या पगाराच्या मानाने रक्कम अवाजवी नाही, याचा विचार करूनच तो निकाल झाला. शिवाय 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारातला आकडा ही कमाल मर्यादा असते. त्याच्या आत जी वाजवी भरपाई ठरेल तेवढीच मिळते. तेव्हा जर्मनीतल्या प्रशिक्षणाचे विमानभाडे, मुक्काम आणि शुल्क यांची बिले लेखी माग. बाँडच्या तीन वर्षांपैकी दोन वर्षे तू चाकणच्या प्लँटमध्ये तीच मशीन सांभाळली आहेस, म्हणून खर्च खरोखर तीन लाख झाला असला तरी तुझ्याकडे एक लाखाहून अधिक मागणे मला न्याय्य वाटत नाही. तेवढा वाटा देण्याची तयारी मात्र तू आपणहून दाखवावीस. त्या शिक्षणाच्या जोरावरच तुला नवी नोकरी मिळाली आहे.

'ओव्हरटाइम सोडा, बाँडचे आम्ही बघतो' हा एचआरचा तोंडी सौदा मला सर्वांत घातक वाटतो. बाँडची रक्कम अजून वादात आहे. ओव्हरटाइम हे तू रात्री उशिरापर्यंत थांबून कमावलेले वेतन आहे आणि त्याचा दर 1948 च्या कारखाने अधिनियमात नेहमीच्या वेतनाच्या दुप्पट होता, तसाच 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही आहे. तुला 'टीम लीडर' म्हणत असले तरी ओव्हरटाइमचा हक्क पदनामावरून ठरत नाही, प्रत्यक्ष काम कोणते होते ते पाहिले जाते. आणि तू तर स्वतः पाने हातात घेऊन दुरुस्ती करत होतास. कंपनीचा आयडी बंद होण्याआधी पंचिंगच्या नोंदी, शिफ्टचे तक्ते आणि 'आज थांबावे लागेल' असे सुपरवायझरचे व्हॉट्सॲप संदेश तारखेनिशी जपून ठेव.

नव्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे असते आणि थकबाकीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. त्यामुळे घाईने मान तुकवण्याचे कारण नाही. दोन्ही रकमांचा वेगवेगळा हिशेब मागणारा ईमेल आजच पाठव, उत्तर आले नाही तर कामगार आयुक्त कार्यालयात जाऊ. बाँडची प्रत मला लगेच पाठव, म्हणजे मसुदा मी करून देतो.

तुझा,
जिवलग मित्र