भीतीच्या यादीतून खरी माणसं वगळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांना दाखवायच्या भीतीचा विषय निघाला की बागुलबुवा, हडळ, मुंजा, झोळीवाला ही नावं सर्रास एका दावणीला बांधली जातात. त्यांतला फरक घरातल्या मोठ्यांना माहीत असायला हवा, म्हणून हे पत्र.

मुंजा, हडळ, समंध यांच्यामागे एकेक मरण असतं. मुंज झाली, पण सोडमुंजीआधी, म्हणजे मुंजीचं व्रत सोडण्याच्या विधीआधी, गेला तो मुंजा. त्याचं ठाणं पिंपळावर. गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेलेली ती हडळ, तिची पावलं उलटी. वासना मागे ठेवून गेलेला, पुरलेल्या धनावर पहारा करणारा तो समंध. यांच्यावर मोठी माणसंही विश्वास ठेवत आली, म्हणून त्यांना जागा आहे, वेळ आहे, उतारा आहे. वेताळ तर कोकणात ग्रामदेव होतो. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भक्त केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. अशा दैवताला ‘भात खा, नाहीतर तो येईल’ म्हणून राबवणं मला तरी पटत नाही.

बागुलबुवा निराळा. त्याच्यामागे मरण नाही, झाड नाही, अमावास्या नाही. त्याचा चेहराही ठरलेला नाही. ज्या त्या मुलानं तो आपापला रंगवायचा. बाऊ त्याहून धाकटा, नुकत्या बोलू लागलेल्या मुलासाठी. या दोघांवर मोठ्यांपैकी कुणाचाच विश्वास नसतो, त्यामुळे सहा-सात वर्षांच्या सुमारास मूल त्यांना बहुधा आपणच निकालात काढतं.

खरा घात होतो तो जिवंत माणसांना या यादीत बसवल्यानं. ‘रडलास तर डॉक्टर सुई टोचतील’ असं रोज ऐकलेलं मूल पाचव्या वर्षीच्या बूस्टर डोसला हात-पाय झाडतं, आणि मग सुई देणं खरोखरच अवघड होतं. पोलिसाच्या नावानं धाक घातलेलं मूल जत्रेत हरवलं की खाकी वर्दी दिसताच लपून बसतं. नेमकी तिथेच त्याला मदत मिळणार असते. हरवल्यावर पोलिसाकडे जायचं, आई-बाबांचा फोन नंबर सांगायचा, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, एवढं पाच वर्षांच्या मुलाकडून पाठ करून घेता येतं.

झोळीवाल्याचं तर याहून गंभीर आहे. झोळी घेऊन दारोदार फिरणारे लोक आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्या जमातींना नावं आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठेचून मारलं. अफवा मोबाइलवरून पसरल्या होत्या. घरातल्या दटावणीनं ते हत्याकांड घडवलं असं मी म्हणत नाही. पण पोरं झोळीत घालून नेणारा परका माणूस हे चित्र आपण तिसऱ्या वर्षीच मनात बसवून ठेवतो, आणि अशा अफवेला ते आयतं सापडतं.

धोका खरा असेल तिथे भुताचं नावही नको. ‘विहिरीत आसरा (पाण्यात राहणाऱ्या अप्सरा) ओढतात’ असं ऐकलेलं मूल डोकावून बघतं, आसरा दिसत नाहीत, आणि ते आणखी पुढे वाकतं. कठडा नाही, शेवाळावरून पाय सरकतो, पाणी खोल आहे, हे हात धरून दाखवावं. बागुलबुवाचं नाव झोपताना तर काढूच नये. आधीच धास्ती बसली असेल तर टॉर्च घेऊन पलंगाखाली शोधू नका. आपण शोधतो म्हणजे तो असणारच, असा मूल अर्थ लावतं. तो गोष्टीतला आहे असं सरळ सांगा, मंद दिवा ठेवा आणि दिवसा त्याचं चित्र काढायला द्या.

आपली,
लोकसाहित्याची एक अभ्यासक