त्या एका कार्डावर काय लिहू?

ऑगस्ट २०२१

प्रिय मंगे,

तब्येतीचं आधी सांगून टाकते म्हणजे तू विचारत बसणार नाहीस. दुसरा डोस झाला, दंड दुखला, संपलं. आईचं बीपी जिथल्या तिथे. आता मुद्द्याचं बोलते, आणि हे फोनवर बोलण्यासारखं नाहीये, फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस.

तुला माहितीये, आम्ही शाळेत ठरवलंय की यंदाच्या दहावीच्या प्रत्येक पोराला हाताने लिहिलेलं एक कार्ड द्यायचं. छापील नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं गुलाबाचं चित्र नाही. नावं आम्ही आपापसात वाटून घेतली आणि अट एकच, त्या पोराने केलेली आणि आपण स्वतः पाहिलेली एक तरी गोष्ट त्यात पाहिजे. "उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा" एवढंच लिहिलं की मोठ्या बाई कार्ड परत पाठवतात. शिपाईमामा आणि काही माजी विद्यार्थी घरोघर नेऊन देणार, दारातूनच. माझ्या वाटणीची सगळी लिहून झाली. एक सोडून.

त्याच्याबद्दलच लिहायला बसलेय, पण आधी मला तुझ्याशी भांडायचंय. मागच्या वेळी तू म्हणालीस ना, परीक्षा न देता पास झाले आणि वर त्यांना कार्डं कसली वाटताय, ते मला लागलंय अजून. मंगे, तू नीट बघ तरी या पोरांचं काय झालं ते. ही नववीत असताना शाळा बंद झाली. १२ एप्रिल २०२० ला दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, ते सगळ्यांच्या लक्षात आहे, पण त्याच दिवशी नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही रद्द झाली ते कोणाच्या गावीही नाही. मग दहावी सुरू झाली ती मोबाईलवर. नोव्हेंबरात वर्ग भरवायला परवानगी आली, पोरं जरा कुठे बाकावर टेकली तोवर पुन्हा केसेस वाढल्या आणि पुन्हा कुलूप. बोर्ड २९ एप्रिलपासून होणार होतं, ते जूनवर ढकललं, आणि आठवड्याभरात, २० एप्रिलला, रद्दच. निकाल लावला तो नववीला ५०, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामाला ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला २० धरून. म्हणजे जी नववी धड पुरी झालीच नाही तिच्यावर निम्मी दहावी! १६ जुलैला निकाल, तर साइटच बंद पडली, पोरं तासन् तास रिफ्रेश करत बसली. ९९.९५ टक्के लागला म्हटल्यावर जो तो हसायला मोकळा. बरं, पुढे अकरावीसाठी २१ ऑगस्टला सीईटी होती, त्याचा अभ्यास केला यांनी, तर १० ऑगस्टला हायकोर्टाने ती रद्द केली. अभ्यास करायचा, तारखेकडे डोळे लावायचे आणि मग ती तारीखच नाही. १५ लाखांच्या वर पोरं आहेत ही, आणि आपण त्यांना "कोरोना बॅच" म्हणून मोकळे. तिकडे मदुराईत तर एका बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत २०२१ ला पास झालेल्यांनी येऊ नये असं छापलं, बोंबाबोंब झाल्यावर म्हणाले टायपिंगची चूक. ती ग्रॅज्युएट मुलं होती, पण आमच्या पोरांनीही वाचलंच ना ते. फुकट काही मिळालेलं नाही यांना.

झालं भांडून. आता ऐक.

मार्कशीट न्यायला पोरांना थोडी थोडी करून बोलावलं होतं, गर्दी नको म्हणून. एक मुलगी चक्क युनिफॉर्म घालून आली. कोणी सांगितलं नव्हतं तिला. दहावीसाठी नवा शिवलेला, अंगाला फार लागलाच नाही, आता बाह्या मनगटाच्या वर आलेल्या. मी तिला आपल्या वर्गात नेलं, फळ्यावर मोठ्ठ्या अक्षरात "दहावी अ" लिहिलं आणि फोटो काढला, तर पुढच्या पोरांना कळलं आणि सगळ्यांनाच तसा फोटो पाहिजे झाला. शिपाईमामांनी काय करावं, घंटेपाशी जाऊन प्रत्येकाला विचारायला लागले, वाजवायची का रे? शेवटच्या दिवशी घंटा वाजवतात तशी? एकेक पोरगं येऊन घंटा वाजवून गेलं. मामांना कोणी सांगितलं नव्हतं तेही.

आणि मग तो आला. काकाबरोबर. त्याचे वडील दुसऱ्या लाटेत गेले, एप्रिलमध्ये. रजिस्टरमध्ये नावापुढे "पालकाची सही" असा रकाना असतो, तिथे पेन धरून थांबला आणि हळूच म्हणाला, आईची चालेल ना, उद्या आणून देतो. माझ्या तोंडून शब्द फुटेना. आणि आमचे क्लार्क, ज्यांच्याशी माझं गेली कित्येक वर्षं पटत नाही, तुला किती वेळा त्यांच्यावरून पकवलंय, ते उठले, रजिस्टर स्वतःकडे ओढलं, म्हणाले, अरे, निम्म्या पानावर आयांच्याच सह्या आहेत, बघ की, आणि उद्या कशाला फेरी घालतोस, कर तूच, मी आहे ना. त्याने सही केली. पहिल्यांदाच कुठेतरी करत असावा अशी, पूर्ण नाव लिहून. मी क्लार्कना त्या दिवसापासून काही बोलणार नाहीये, लिहून ठेव.

तर कार्ड याचं राहिलंय. त्याच्याबद्दल लिहायला खूप आहे गं. नववीत त्याने फळ्यावर हाताने महाराष्ट्राचा नकाशा काढला होता, कोकणची किनारपट्टी अशी काढली की आपले भूगोलाचे सर बघायला पाहिजे होते. (भारताच्या नकाशात लक्षद्वीप राहिलं की "बुडवलंस ना बेट!" म्हणून ओरडायचे ते, आठवतं? तू मुद्दाम बुडवायचीस.) आणि लॉकडाऊनमध्ये वर्गातल्या दोघांकडे साधे बटणाचे फोन होते, हा रोज संध्याकाळी त्यांना कॉन्फरन्सवर घेऊन दिवसभराचं वाचून दाखवायचा. मला हे पार उशिरा कळलं, तेही त्या दोघांच्या वह्या तपासताना, तिन्ही वह्यांत शब्दन् शब्द तोच बघून.

हे लिहिलं तर कार्ड होतं. पण मग वडिलांचं काहीच नाही? इतकं मोठं झालंय आणि मी नकाशाचं कौतुक करतेय? आणि लिहायचं तर काय, "बाबा असते तर अभिमान वाटला असता" हे त्याला दारात येणारा प्रत्येक जण सांगत असणार, आणि प्रत्येक वेळी त्याला मान हलवावी लागत असणार. मला तुझं गच्चीवरचं बोलणं आठवतंय मंगे. बाबा गेले तेव्हा सगळे आले, सगळ्यांनी डोक्यावरून हात फिरवला, पण निकालाच्या दिवशी किती पडले म्हणून कोणी विचारलं नाही, बाबांबरोबर माझी दहावीपण जाळून आले सगळे, असं म्हणाली होतीस. एकट्या लायब्ररीच्या बाईंनी संस्कृतचे मार्क विचारले ते तू अजून सांगतेस. म्हणून त्याचं कार्ड त्याच्या दहावीचंच पाहिजे, "बिचाऱ्याचं" नाही, एवढं माझं पक्कं आहे.

पण एक गोष्ट मी पाहिलीये, आणि ती डोक्यातून जात नाही. नववीच्या पालकसभेला त्याचे वडील आले होते. सगळे पालक मार्कांसाठी माझ्याभोवती, आणि हे फळ्यासमोर उभे. मला विचारलं, बाई, हा हाताने काढलाय? मी हो म्हटल्यावर खिशातून फोन काढला, उजेड पडत होता म्हणून खिडकी लोटून आले आणि नकाशाचा फोटो घेतला. तो तेव्हा मैदानावर होता. त्याला हे माहीत असेल का मला माहीत नाही.

हे लिहू का? "तुझ्या नकाशाचा फोटो बाबांनी फोनमध्ये काढून घेतला होता, मी बघितलंय." एवढंच एक वाक्य. कधी वाटतं की हे त्याचं आहे, माझ्याकडे ठेवायचा मला हक्क नाही. आणि कधी वाटतं, शिपाईमामा दारात उभे, आई बघतेय, आणि पोरगं तिथेच उघडून वाचणार, त्याला कशाला असं उघड्यावर पाडायचं. वेगळ्या पाकिटात घालू? का आता नकोच, पुढे कधीतरी भेटल्यावर सांगू? पुढे तो कुठे आणि मी कुठे. इथे सगळे म्हणतात लिहा लिहा, पण त्यांच्यापैकी कोणाचे वडील दहावीत गेलेले नाहीत. तुला त्या वर्षी असं कोणी लिहून दिलं असतं तर तू काय केलं असतंस? मला बरं वाटेल असं सांगू नकोस, खरं सांग.

तुझ्या बदलीचं काय झालं? पिल्लूची ऑनलाइन शाळा काय म्हणते, डोळे तपासून घे तिचे. सासूबाईंचा गुडघा बरा असेल अशी आशा. नवऱ्याला सांग पुस्तक मिळालं.

शनिवारी कार्डं निघणार आहेत. त्याआधी दोन ओळी तरी पाठव, मेसेज केलास तरी चालेल.

तुझीच,
बेबी