पॉइंट्सना उगाच बदनाम करू नका

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत जुन्या रेसिंग बाइक्सवरचा लेख वाचला, फोटो एकदम झकास, पण 'पॉइंट्स काढा, इलेक्ट्रॉनिक किट टाका, कटकट मिटली' हे काय पटलं नाही बुवा (पॉइंट्स म्हणजे इंजिन फिरताना उघड-मिट होऊन प्लगला स्पार्क पाडणारा छोटा स्विच). आणि सोबत वायरिंगची जी आकृती छापलीय तशी कोणी जोडली तर फ्यूज उडालाच समजा.

आता राजदूत ३५० घ्या, म्हणजे आपली यामाहा आरडी, १९८३ला एस्कॉर्ट्सने आणलेली, चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर पोरांनी जीव खाऊन पळवलेली. दोन सिलिंडर म्हणून पॉइंट्स, कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी), कंडेन्सर (पॉइंटची टोकं जळू न देणारा) सगळंच दोन-दोन. बॅटरीचा १२ व्होल्ट करंट किल्ली आणि किल स्विचमधून (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) कॉइलला, तिथून पॉइंटला, पॉइंट मिटलेला असला की अर्थ म्हणजे बॉडीला, उघडला की प्लगला स्पार्क, बास. म्हणजे किल स्विचने सप्लाय तोडायला पाहिजे. आकृतीत मात्र तो मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय स्पार्कची वीज स्वतः बनवणाऱ्या) गाडीसारखा बॉडीला अर्थ केलाय, आणि तोही कॉइलच्या सप्लायवरून! मॅग्नेटोवाल्या गाडीत किल स्विचने अर्थ करणंच बरोबर, इथे सरळ शॉर्ट.

पॉइंट 'गेले' म्हणून येणाऱ्या गाडीत बहुतेक वेळा पॉइंट ठणठणीत असतात. मल्टिमीटर लावा, पॉइंट मिटलेले असताना बॅटरीवर १२ आणि कॉइलवर जेमतेम १० दिसले तर मधली जुनी किल्ली आणि गंजलेले कनेक्टर करंट खातायत, अशावेळी बॅटरी, फ्यूज, रिले आणि मग कॉइल अशी नवीन वायर ओढायची, किल्लीने फक्त रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) चालवायचा. फ्रेमला हौसेने पावडर कोटिंग केलं की अर्थिंगची बोंब, कारण त्या रंगातून करंट जात नाही, मग इंजिनवरून बॅटरीच्या मायनसला वेगळी जाड वायर टाकायची. पॉइंटच्या स्क्रूखालचा तो चिमुकला फायबर वॉशर उलटसुलट बसला तर स्प्रिंग प्लेटला टेकते, पॉइंट कायम अर्थ, स्पार्क शून्य, आणि माणूस बिचारा नवीन कॉइल आणायला पळतो. टोकं सारखी जळत असतील तर आधी कंडेन्सर बदला. पॉलिश पेपरने घासत बसू नका, त्याचे कण मध्ये अडकतात.

पॉइंटची गॅप आधी, टायमिंग (स्पार्क कधी पडतो ते) नंतर, कारण गॅप हलली की टायमिंगही हलतं. दोन्ही सिलिंडरचं वेगवेगळं लावायचं, डायल गेजने (पिस्टन किती सरकला ते दाखवणारं मापक), पिस्टन वर पोचायच्या २ मिमी आधी. टायमिंग जास्त पुढे गेलं तर ट्रॅकवर फुल थ्रॉटलला पिस्टनला भोक पडतं, त्यात पॉइंट्सचा काय दोष?

रेससाठी काही जण वजन कमी करायला चार्जिंगच काढून नुसत्या बॅटरीवर पळतात. चालतं, पण बॅटरी फुल चार्ज हवी आणि इंजिन बंद असताना किल्ली ऑन ठेवायची नाही, नाहीतर पॉइंट मिटलेल्या बाजूची कॉइल तापून बॅटरी पितच राहते.

पुढच्या रविवारी आकृती तेवढी दुरुस्त करून छापा, किल स्विच सप्लायच्या वायरमध्येच दाखवा. कोणीतरी ते कात्रण गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलंही असेल.

आपला,
एक जुना आरडीवाला, कोल्हापूर